न घडलेल्या गोष्टीसाठी पैसे मागताना : युद्धातील नागरिकांसाठी निधी उभारू इच्छिणाऱ्या नवोदितांना

विहीर खोदणाऱ्या संस्थेला देणगीदाराला विहीर दाखवता येते, दवाखाना चालवणाऱ्या संस्थेला रुग्णांची नोंदवही दाखवता येते. युद्धातील नागरिकांचे संरक्षण करणाऱ्या संस्थेकडे दाखवण्यासारखे जे असते ते बहुधा न घडलेले असते : नाक्यावर न अडवता पुढे सोडलेली बस, बाजाराच्या दिवशी न झालेला तोफांचा मारा, घरातून उचलून न नेलेला मुलगा. अशा गोष्टींसाठी पैसे उभे करणे हा एक रीतसर व्यवसाय आहे. त्यात पगारी नोकऱ्या आहेत, बढत्या आहेत आणि प्रयत्नाने शिकता येईल असे कसबही आहे. बरीच वर्षे हे काम केल्यानंतर नव्या सहकाऱ्यांना मी ज्या क्रमाने ते शिकवते, त्याच क्रमाने येथे मांडते आहे. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. जिथे नवी माणसे हमखास अडखळतात तिथे मी जास्त वेळ थांबले आहे.

पहिली पायरी : मदत आणि संरक्षण यांतला फरक ओळखा

मुलाखतीला येणारे बहुतेक उमेदवार संरक्षण म्हणजे तंबू, धान्य आणि औषधे असे धरून चालतात. ती मदत झाली आणि ती आवश्यकच आहे. परंतु ज्या गावात आज धान्य वाटले त्याच गावावर उद्या तोफा डागल्या गेल्या, तर धान्य देणाऱ्या संस्थेचे काम पुरे झालेले असते आणि संरक्षणाचे मात्र फसलेले असते. संरक्षणाच्या कामाचा रोख तीन गोष्टींवर असतो : लढणाऱ्यांचे वर्तन बदलणे, लोकांना स्वतःभोवतीचा धोका टाळता यावा यासाठी त्यांच्यासोबत राहून तयारी करणे, आणि इजा झालीच तर तिची नोंद ठेवून दाद मागणे.

या कामाचा कायदेशीर पाया म्हणजे १९४९ चे चार जिनिव्हा करार. त्यांपैकी चौथा नागरिकांविषयी आहे. १९७७ मध्ये त्यांना दोन अतिरिक्त प्रोटोकॉल जोडले गेले, पहिला आंतरराष्ट्रीय युद्धांसाठी आणि दुसरा देशांतर्गत सशस्त्र संघर्षांसाठी. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने नागरिकांच्या संरक्षणाविषयीचा १२६५ क्रमांकाचा ठराव १९९९ मध्ये केला. तुम्हाला वकील व्हायचे नाही, परंतु सैनिक आणि नागरिक यांत भेद करण्याचे बंधन, लष्करी लाभाच्या मानाने नागरिकांची हानी अवाजवी होऊ न देण्याचे बंधन आणि हल्ल्यापूर्वी खबरदारी घेण्याचे बंधन, ही तीन तत्त्वे तुम्हाला समोरच्या माणसाला कागद न पाहता, साध्या शब्दांत समजावून सांगता आली पाहिजेत. देणगीदाराचा पहिला प्रश्न बहुतेकदा ‘युद्धाला कुठले आले नियम?’ असाच असतो.

संरक्षणाच्या पद्धतीही एकसारख्या नाहीत आणि पद्धतीप्रमाणे देणगीदार बदलतात. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती कैद्यांना भेटते आणि लढणाऱ्या पक्षांशी गोपनीय बोलणी करते. २००० मध्ये सुरू झालेली जिनिव्हा कॉल ही संस्था बंडखोर सशस्त्र गटांकडून भूसुरुंग न वापरण्यासारख्या बाबींवर लेखी वचने घेते. नॉनव्हायलंट पीसफोर्सची नि:शस्त्र पथके धोक्यातल्या वस्त्यांमध्ये लोकांसोबत राहतात. सेंटर फॉर सिव्हिलियन्स इन कॉन्फ्लिक्ट ही संस्था नागरिकांच्या हानीची नोंद कशी ठेवावी आणि ती कशी कमी करावी, याविषयी थेट सैन्यांशी बोलते.

या शेवटच्या संस्थेची सुरुवात निधी उभारणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. मार्ला रुझिका या तरुण अमेरिकी कार्यकर्तीने अफगाणिस्तान आणि इराकमध्ये घरोघर फिरून, कोण मारले गेले, कोण जखमी झाले आणि कोणाचे घर गेले याच्या नोंदी केल्या. त्या नोंदी घेऊन ती वॉशिंग्टनला गेली आणि सिनेटर पॅट्रिक लेही यांच्या साहाय्याने तिने अमेरिकी काँग्रेसकडून पीडितांसाठी निधी मंजूर करून घेतला. २००३ मध्ये तिने संस्था स्थापन केली आणि एप्रिल २००५ मध्ये बगदादमध्ये झालेल्या आत्मघाती बाँबहल्ल्यात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ती मारली गेली. तिने काढलेली यादी हाच तिचा प्रस्ताव होता. अशी यादी नसलेला प्रस्ताव मी आजही उचलून धरत नाही.

दुसरी पायरी : पैशाला असलेली कुंपणे समजून घ्या

माणुसकी, निःपक्षपात, तटस्थता आणि स्वातंत्र्य ही चार तत्त्वे प्रत्येक मानवतावादी संस्थेच्या पत्रकावर छापलेली असतात. पहिल्या तिन्हींचा उल्लेख संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या १९९१ मधील ४६/१८२ या ठरावात आहे, चौथे २००३ मध्ये जोडले गेले. कार्यक्षेत्रातल्या सहकाऱ्यांसाठी ही तत्त्वे म्हणजे नाक्यावरून पुढे जाण्याचा परवाना असतो. ‘तुम्हाला पैसे कोण देते?’ हा प्रश्न त्यांना बंदूकधारी माणूस विचारतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर आपण, म्हणजे शेकडो मैल दूर कार्यालयात बसलेले निधी उभारणारे, आधीच लिहून ठेवलेले असते.

म्हणून युद्धात सहभागी असलेल्या सरकारचा निधी त्याच युद्धक्षेत्रात घ्यावा की नाही, हा हिशेबाचा प्रश्न राहत नाही. मेदसँ सॅं फ्रंतिएर, म्हणजे ‘सीमारहित डॉक्टर’, या संस्थेने जून २०१६ मध्ये युरोपीय संघाचा तुर्कस्तानशी निर्वासितांबाबत झालेला करार मान्य नसल्याने युरोपीय संघ आणि त्याच्या सदस्य देशांकडून यापुढे निधी घेणार नाही, असे जाहीर केले. लाखो व्यक्तिगत देणगीदारांचा आधार असल्यामुळे तिला हे परवडले. लहान संस्थेला असा निर्णय एका विभागाच्या पगारांइतका महाग पडतो. नोकरीचा अर्ज करण्यापूर्वी त्या संस्थेचे देणगी स्वीकारण्याचे धोरण मागून वाचा. शस्त्रनिर्मिती कंपन्या, युद्धाचे पक्षकार आणि निनावी देणग्या यांविषयी त्यात स्पष्ट काहीच नसेल, तर तो निर्णय एखाद्या घाईच्या दुपारी तुमच्यावर येऊन पडणार, हे गृहीत धरा.

तिसरी पायरी : पैसा कुठून येतो आणि कोणत्या अटींवर

ढोबळमानाने स्रोत पाच : सरकारे आणि युरोपीय संघासारख्या संस्था, संयुक्त राष्ट्रांचे सामायिक निधी, खासगी प्रतिष्ठाने, मोठे व्यक्तिगत देणगीदार आणि दरमहा लहान रक्कम देणारे सर्वसामान्य लोक. कंपन्या या क्षेत्रात कमी दिसतात, कारण युद्धाचा विषय त्यांच्या प्रसिद्धी विभागाला अवघड वाटतो.

सरकारी अनुदाने मोठी असतात, परंतु ती एका देशाच्या निवडणुकीवर टांगलेली असतात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक रोखली आणि १ जुलै २०२५ रोजी यूएसएड ही अमेरिकी सरकारची परदेशी मदत देणारी संस्था स्वतंत्रपणे काम करीनाशी झाली. जगभरातल्या असंख्य संस्थांना चालू प्रकल्प आठवड्याभरात थांबवावे लागले. त्याआधी २०२३ मध्ये रेड क्रॉस समितीसारख्या दीडशेहून अधिक वर्षे जुन्या संस्थेलाही निधीच्या तुटीमुळे ४३ कोटी स्विस फ्रँकची कपात जाहीर करावी लागली होती. दरमहा येणाऱ्या लहान देणग्या संथपणे वाढतात, पण त्यांच्यावर कुणाचा एकट्याचा हुकूम चालत नाही. निधी संचालक दोन्हींचा तोल कसा सांभाळते, हे पाहून संस्थेची प्रकृती कळते.

दुसरा भेद बांधील आणि मुक्त निधीचा. बांधील निधी ठरलेल्या प्रकल्पावर, ठरलेल्या देशात, ठरलेल्या तारखेपर्यंतच खर्च करता येतो. मुक्त निधी संस्थेला हवा तिथे वापरता येतो, आणि संरक्षणाच्या कामाला तोच लागतो, कारण पुढच्या महिन्यात आघाडी कुठे सरकेल हे कोणत्याही प्रस्तावात लिहिता येत नाही.

येथे थोडे गणित करावे लागेल. समजा प्रकल्पाचा थेट खर्च १०० रुपये आहे आणि लेखापरीक्षण, सुरक्षा सल्लागार, कार्यालय, संगणक यंत्रणा हे सगळे धरून संस्थेला प्रत्यक्षात आणखी १८ रुपये लागतात. युरोपीय संघाचे मानवतावादी अनुदान अप्रत्यक्ष खर्चापोटी जास्तीत जास्त ७ टक्के देते. म्हणजे थेट खर्चाच्या दर १०० रुपयांमागे ११ रुपये तुम्हाला दुसरीकडून आणावे लागतात, आणि ‘मोठे अनुदान मिळाले’ म्हणून वाटलेले पेढे मुक्त निधीच्या खिशातून गेलेले असतात. अमेरिकी सरकारच्या नियमांत, अप्रत्यक्ष खर्चाचा दर सरकारशी ठरवून न घेतलेल्या संस्थांसाठीचा हाच आकडा १ ऑक्टोबर २०२४ पासून १० वरून १५ टक्क्यांवर गेला. यावर उपाय एकच : सुरक्षेचा, देखरेखीचा आणि दुभाष्यांचा खर्च ‘प्रशासकीय’ या पोत्यात न कोंबता प्रकल्पाच्या थेट खर्चात स्वतंत्र ओळींनी दाखवा. उपग्रह फोन ही कार्यालयीन सोय आहे, असे समजून ती ओळ कापणारे अधिकारी मी पाहिले आहेत. त्याच ओळीपुढे ‘नाक्यावर अडकलेल्या पथकाचा एकमेव संपर्क’ असे लिहिल्यावर ती कोणी कापलेली मला आठवत नाही.

चौथी पायरी : पहिली नोकरी

या क्षेत्राची एकच अशी पदवी नाही. पत्रकारिता, लेखाशास्त्र, कायदा, समाजकार्य, विक्री अशा कोणत्याही वाटेने माणसे येतात. सुरुवातीची पदे बहुधा अनुदान सहायक, देणगीदार सेवा सहायक किंवा संशोधन सहायक या नावांची असतात. सीएफआरई हे निधी उभारणीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र अनुभवानंतर घ्यायचे असते, त्यामुळे पहिल्या नोकरीसाठी त्याच्या मागे लागू नका.

त्याऐवजी एक महिना पुढील उद्योगात घाला. तुम्हाला आवडलेल्या तीन संस्थांचे लेखापरीक्षित ताळेबंद त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि एकूण उत्पन्नात सर्वांत मोठ्या देणगीदाराचा वाटा किती, मुक्त निधी किती आणि राखीव निधी किती महिन्यांचा, हे काढा. मग एखाद्या देणगीदार संस्थेने जाहीरपणे मागवलेल्या प्रस्तावांची सूचना घ्या आणि त्या नमुन्यात दोन पानांची संकल्पना टिपणी लिहून पाहा. मुलाखतीत ही टिपणी आणि ते तीन आकडे काढून ठेवणारा उमेदवार, ‘मला लोकांसाठी काहीतरी करायचे आहे’ एवढेच सांगणाऱ्या दहा जणांच्या पुढे निघून जातो. लोकांसाठी काहीतरी करायचे नसते तर तुम्ही आलाच नसता, हे आम्ही धरूनच चाललेलो असतो.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा : निधी विभागाचा माणूस कार्यक्रमांच्या बैठकीला बसतो का, मागच्या वर्षी कोणती देणगी नाकारली, प्रस्ताव पाठवण्यापूर्वी कार्यक्षेत्रातून कोण वाचतो. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना समोरची माणसे एकमेकांकडे पाहू लागली, तर सावध व्हा.

पाचवी पायरी : प्रस्ताव लिहिणे

नव्या माणसाचा पहिला मसुदा जवळजवळ नेहमी असा असतो : ‘आमची संस्था संघर्षग्रस्त भागातील असुरक्षित घटकांच्या सक्षमीकरणासाठी कटिबद्ध असून सर्व संबंधितांशी संवाद साधून शाश्वत शांतता प्रस्थापित करेल.’ या वाक्यात एकही माणूस नाही, एकही जागा नाही आणि चुकीचे ठरू शकेल असे काहीच नाही. जे चुकीचे ठरू शकत नाही त्याला पैसे देण्याचे कारणही नसते.

आता हाच मजकूर असा लिहून पाहा : ‘नदीच्या दोन्ही काठांवर दोन वेगवेगळ्या सशस्त्र गटांचे नाके आहेत. बाजाराला जाणाऱ्या बायकांना दोन्हीकडे अडवले जाते, त्यामुळे अनेकींनी बाजार सोडला आहे. आमचे चार जणांचे पथक बाजाराच्या दिवशी त्यांच्यासोबत चालेल, दोन्ही नाक्यांच्या प्रमुखांशी दरमहा बोलेल आणि अडवणुकीची प्रत्येक घटना एकाच नमुन्यात नोंदवेल. वर्षअखेरीस किती बायका पुन्हा बाजाराला येऊ लागल्या, ते आम्ही सुरुवातीच्या मोजणीशी ताडून सांगू.’ हे गाव मी उदाहरणासाठी रचले आहे, पण खऱ्या गावाविषयी लिहितानाही कोण, कुठे, काय करणार आणि कशावरून कळणार, या चार खुंट्या ठोकल्याशिवाय मजकूर ताणू नये.

न घडलेली गोष्ट मोजायची कशी, हा या कामातला सर्वांत कठीण भाग. ‘आमच्यामुळे इतके प्राण वाचले’ असे कधीही लिहू नका. ते सिद्ध करता येत नाही आणि अनुभवी देणगीदार तिथेच पान उलटतो. त्याऐवजी घडलेल्या वर्तनाच्या खुणा शोधा : शाळा किती दिवस उघडी राहिली, सेनाधिकाऱ्याने लेखी आदेश काढला का, शेतकरी कोणत्या शेतांपर्यंत पुन्हा जाऊ लागले, लोकांना स्वतःला रस्ता सुरक्षित वाटतो का. बदलात आपला वाटा होता एवढेच म्हणा, श्रेय संपूर्ण घेऊ नका. आणि एक सापळा ध्यानात ठेवा : पथक गावात राहायला गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत नोंदवलेल्या घटनांची संख्या बहुधा वाढते. अत्याचार वाढले असा त्याचा अर्थ असेलच असे नाही. आधी गप्प बसणारे लोक आता विश्वासाने सांगू लागलेले असतात. हे स्पष्टीकरण प्रस्तावातच देऊन ठेवा. वाढलेला आकडा अहवालात दिसल्यावर दिलेले तेच स्पष्टीकरण सबबीसारखे वाटते.

माझी एक चूक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, अंतिम मुदतीच्या रात्री, प्रस्ताव भरीव वाटावा म्हणून मी सशस्त्र गटांबरोबरच्या बैठकांची संख्या सहाची बारा केली. प्रस्ताव मंजूर झाला. दोन महिन्यांनी कार्यक्षेत्रातल्या सहकाऱ्याचा फोन आला आणि त्याने शांतपणे विचारले, ‘ताई, या जास्तीच्या सहा बैठकांना जायचा रस्ता कोणता धरायचा, तेवढे सांगा.’ त्या भागात जायला एकच रस्ता होता आणि त्यावर सुरुंग पेरलेले होते. मी देणगीदाराला फोन करून आकडा चुकल्याचे सांगितले आणि करारात लेखी दुरुस्ती करून घेतली. त्यांनी ती विनातक्रार मान्य केली, माझ्या वरिष्ठांनी मात्र तितक्या सहज नाही. तेव्हापासून प्रत्येक आकड्याच्या समासात मी तो पाळणाऱ्या माणसाचे नाव लिहिते आणि त्याने होकार दिल्याशिवाय मसुदा पुढे जाऊ देत नाही.

सहावी पायरी : माणसांच्या कहाण्या आणि छायाचित्रे

रेड क्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांनी १९९४ मध्ये ठरवलेल्या आचारसंहितेचे दहावे कलम म्हणते की प्रसिद्धी साहित्यात आपत्तिग्रस्तांना हतबल वस्तू म्हणून न दाखवता प्रतिष्ठा असलेली माणसे म्हणून दाखवावे. युद्धात या कलमाला आणखी एक धार असते : छायाचित्रामुळे माणूस ओळखला गेला, तर त्याचा जीव जाऊ शकतो.

नाव बदलले आणि चेहरा धूसर केला म्हणजे झाले, असे नव्यांना वाटते. एकदा आम्ही एका आजीचे पाठमोरे छायाचित्र वापरायचे ठरवले होते. चेहरा नव्हता, नाव नव्हते, परवानगी होती. छपाईच्या आदल्या दिवशी त्या भागातून आलेल्या सहकाऱ्याने फोटोच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवले. टाकीवर देणगी देणाऱ्या संस्थेचे बोधचिन्ह होते आणि तशी टाकी त्या परिसरात एकाच वस्तीत होती. पत्रक थांबवले. तेव्हापासून तपासणीत चेहऱ्याबरोबर पार्श्वभूमीच्या टेकड्या, शाळेचा गणवेश, पाट्या, गोंदण आणि छायाचित्राच्या फाइलमध्ये दडलेली जागेची माहिती हे सगळे पाहिले जाते. कहाणीतही ‘तीन मुली, पती शिक्षक, हल्ला शुक्रवारी’ एवढ्या तपशिलावरून गावातला कोणीही माणूस घर ओळखू शकतो.

संमतीविषयी एवढेच सांगते की मदतीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाची संमती मोकळी नसते. ती रांगेपासून दूर, त्याच्या भाषेत, छायाचित्र कुठे दिसू शकेल हे सांगून घ्यावी, आणि नंतर ती मागे घेण्याचा मार्ग ठेवावा. ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांना तो मजकूर वाचून दाखवा. एका बाईने माझ्या मजकुरातले ‘असहाय’ हे विशेषण खोडायला लावले. तिने त्या रात्री नऊ मुलांना अंधारातून नदीपार नेले होते.

सातवी पायरी : देणगीदाराशी बोलणे

पहिल्या भेटीत पैसे मागू नका आणि माहितीपत्रकही पुढे सरकवू नका. समोरच्याला या विषयात का रस वाटला ते विचारा, आणि मग ऐका. मोठ्या देणगीदारांच्या बाबतीत पहिल्या भेटीपासून पहिल्या देणगीपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जाते, आणि संचालकांना हे आधीच सांगून ठेवले नाही तर चौथ्या महिन्यात तुमच्या कामाविषयी शंका घेतली जाऊ लागते.

एक प्रश्न तुम्हाला हमखास विचारला जाईल : ‘तुम्ही नेमके कोणाच्या बाजूचे?’ या प्रश्नाला तात्त्विक व्याख्यान देऊ नका. मी साधारण असे सांगते : ‘ज्या घरावर तोफ रोखली आहे त्या घराच्या बाजूचे. उद्या तोफ विरुद्ध दिशेला वळली तर आमची माणसे त्या घरात असतील, आणि तुमचे पैसेही.’ हे ऐकून काही देणगीदार निघून जातात. त्यांना जाऊ द्यावे, कारण त्यांना हवे ते काम आपण पुढे करू शकणार नसतो आणि त्यांची निराशा पैसे घेतल्यानंतर होण्यापेक्षा आधी झालेली बरी.

काही देणगीदारांना युद्धक्षेत्र प्रत्यक्ष पाहायचे असते. जवळजवळ नेहमी नकार द्या. त्यांच्या एका दिवसाच्या भेटीसाठी पथकाचे चार दिवस जातात आणि पाहुण्यांच्या गाड्यांमुळे गावाकडे नको त्यांचे लक्ष जाते. त्याऐवजी सुटीवर आलेल्या पथकप्रमुखाशी तासभर निवांत बोलणे घडवून आणा. मी पाहिलेल्या मोठ्या देणग्यांपैकी बऱ्याच अशाच तासातून आल्या.

आठवी पायरी : अहवाल, आणि वाईट बातमी

अहवाल वेळेवर पाठवा, खर्चाचे आकडे लेखा विभागाशी जुळवून घ्या, मंजूर अंदाजपत्रकातील फरक दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ लागला की मुदतीची वाट न पाहता लिहून कळवा. एवढे केले तरी तुम्ही निम्म्या संस्थांच्या पुढे असता.

वाईट बातमी वेगळी. पथकाला गाव सोडावे लागले, ज्या नाक्याच्या प्रमुखाने शब्द दिला होता तो बदलून गेला, आपण सोबत केलेल्या लोकांवरच हल्ला झाला, असे प्रसंग येतात. त्या दिवशी देणगीदाराला दोन वाक्यांचा निरोप द्या : काय झाले, आणि सविस्तर कधी कळवू. बातम्यांतून कळलेली घटना आणि आपल्याकडून कळलेली घटना यांत नात्याच्या दृष्टीने फार अंतर असते. मात्र कोणाच्या चुकीने झाले, याचा अंदाज त्या निरोपात घालू नका. पथक अजून तिथेच असेल, तर तुमचे अंदाजाचे वाक्य त्यांच्या गळ्याशी येऊ शकते.

नववी पायरी : नाही म्हणायला शिका

असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या संघटनेच्या आचारसंहितेनुसार जमवलेल्या रकमेच्या टक्केवारीवर मेहनताना घेणे निषिद्ध आहे. ‘जमवाल त्याचे पाच टक्के तुमचे’ असे सांगणाऱ्या संस्थेत जाऊ नका. टक्केवारीवर काम करणारा माणूस चुकीच्या देणगीला नाही म्हणू शकत नाही.

योग्य कारणासाठी आलेले पैसेही कधी नाकारावे लागतात. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर काही दिवसांतच ‘सीमारहित डॉक्टर’ संस्थेने त्या आपत्तीसाठी आपल्याला पुरेसा निधी मिळाल्याचे जाहीर केले आणि देणगीदारांना तो इतर संकटांसाठी वापरू देण्याची विनंती केली. तेव्हा इतर संस्थांतून त्यावर टीकाही झाली. युद्धांच्या बाबतीत असेच होते : एका युद्धाकडे कॅमेरे वळतात, देणग्यांचा पूर येतो आणि दहा वर्षे चाललेल्या दुसऱ्या युद्धातल्या पथकाचे पगार थकतात. म्हणून आपत्कालीन आवाहनाच्या मजकुरात, गरजेपेक्षा जास्त जमल्यास तो निधी अन्यत्र वापरला जाईल, असे वाक्य पहिल्या दिवसापासून असावे. नंतर घातलेले वाक्य आधी दिलेल्या देणगीला लागू होत नाही.

दहावी पायरी : स्वतःला सांभाळणे, आणि नोकरी सोडताना

तुम्ही आघाडीवर नसता, पण दिवसभर आघाडीवरच्या साक्षी वाचता, त्यातली कोणती ‘परिणामकारक’ ठरेल ते निवडता आणि संध्याकाळी तिच्यापुढे देणगीचे बटण लावता. या कामाचा मनावर विचित्र थर बसतो. आमच्या विभागात कच्च्या साक्षी आणि छायाचित्रे दुपारी चारनंतर कोणी उघडत नाही आणि एकाच युद्धाचे आवाहन कोणी सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त सांभाळत नाही. तुमच्या संस्थेत असे नियम नसतील तर स्वतःपुरते करून घ्या.

दोन-तीन वर्षांनी बहुतेक जण संस्था बदलतात, आणि त्यात गैर काही नाही. जाताना हस्तांतराची फाइल नीट करून जा : प्रत्येक देणगीदाराला दिलेले शब्द आणि त्यांच्या तारखा, थकलेले अहवाल, नाकारलेल्या देणग्या आणि त्यांची कारणे, कोणत्या छायाचित्राची संमती कधी संपते त्याची यादी. माझ्या आधीच्या बाईंनी मला दिलेल्या फाइलमध्ये एका देणगीदार महिलेच्या नावापुढे एवढेच लिहिले होते : ‘यांना छायाचित्रे पाठवू नयेत.’ कारण लिहिलेले नव्हते आणि मी विचारले नाही. त्यांना सहा वर्षे मी फक्त मजकूर पाठवत राहिले. मी नोकरी सोडली तेव्हा माझ्या फाइलमध्येही ती ओळ तशीच उतरवून ठेवली.